कावळा उपाशी राहिला तरी चालेल

प्रिय मुक्ते,

माझं अक्षर बघून हसू नकोस. दोनच इयत्ता शिकलेय, पण सांगायचं तर आहे. उद्या तुझं वर्षश्राद्ध. तुझ्या नानाकाकाने फर्मान काढलंय, "आधी तिच्या बापानं पुण्याच्या डॉक्टरला फोन करायचा, मगच पत्र्यावर कावळ्याचं पान." बघ याची अक्कल!

तुझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही. आजारपणात बाहेरचं खाणं बंद म्हणून तू तरसली होतीस, तर मी पिंडाशेजारी जामखेडची भेळ ठेवली. कावळे झाडावरून नुसते बघत राहिले. भेळ सोडतात होय कधी! नाना म्हणाला, "पोरीचं रक्त दवाखान्यात तपासायला ठिवलंय. जीव अडकलाय तिचा. फेकून द्या म्हनावं त्यास्नी." तुझ्या बापाने लगेच खिशातून मोबाईल काढला. मी ओरडले, "ठेव आत! ऱ्हाऊ दे कावळा उपाशी!" शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

बापावर रागावू नकोस. तुझा रक्ताचा कॅन्सर हटावा म्हणून त्याच्या पेशी तुझ्या अंगात घातल्या, आणि त्याच तुझ्या कातडीवर, आतड्यांवर उठल्या. म्हणतो, "आई, मीच खाल्ली माझी पोर." मी म्हटलं, "त्या का उठल्या ते तिच्या रक्तात हाय. ते फेकून तुला काय कळंल?"

राग तुझाच येतो. त्या पेशींना आवरणाऱ्या नव्या औषधाची चाचणी होती, आणि तू मला न विचारता सही करून मोकळी! मी डॉक्टरवर खेकसले, "आमच्याच पोरीवर का करून बघताय?" तर तूच मला गप्प केलंस. तोंड फोडांनी भरलेलं, तरी हसलीस. "आजे, तुझी बीपीची गोळी बी आदी कुनावर तरी करून बघितलीच आसंल की!"

चार दिवस बरी दिसलीस. मऊ भात खाल्लास. मग पुन्हा पडलीस ती पडलीसच. लोक म्हणतात, हरली बिचारी. हरलीस होय? अगं, तुझं रक्त अजून राबतंय तिकडं! "रक्त ठेवा, पुढच्या पोरीच्या कामी येईल," असं तूच डॉक्टरला सांगितलंस. तुझा शब्द मोडणारा नाना कोण?

तेव्हा ऐक. उद्या पान मीच ठेवीन, भेळेसकट. कावळा आला तर तो खाईल, नाही आला तर मी खाईन. आणि तुझ्या बापाचा मोबाईल सकाळपासून माझ्या कनवटीला असेल. बघते, कोण काढून घेतो!

तुझ्याइतकीच हट्टी,
तुझी आजी