बरणी उघडायची सवय

मंगळवार, ता. ३ ऑक्टोबर

ती. ताईस,
एका हातानं सा. न.; दुसरा अळंबीत आहे.

बरणी उपडी केली तेव्हा आवाज झाला नाही. तू पाठवलीस तेव्हा नुसती हलवली तरी आत सुकी पानं धावल्यासारखी वाजायची. आज सगळी टेबलावर मऊ पडली. एक तुकडा वाकवला, तो वाकला. दुसराही. जुन्या पट्ट्याचं चामडं जसं. बाकीच्या बरण्या बघितल्या, त्याही तशाच, एखादी जरा बरी. सगळी वर्तमानपत्रावर पसरून, खिडकी उघडून बसलोय. बाहेर सकाळपासून धुकं आहे, तेव्हा खिडकी उघडून मी काय मिळवतोय कोण जाणे.

कशानं सादळली ते मला माहीत आहे. तापातून उठल्यापासून नाक गेलंय ते तुला कळवलंच होतं. अजून तसंच आहे. रोज सकाळी मोठी किटली चढवली की मी तुझी बरणी उघडायचो, नाक आत घालायचो आणि वाट बघायचो. परत आला तर याचाच वास सगळ्यात आधी येईल, कॉफीच्याही आधी, असं वाटायचं. यायचा नाही. एका बरणीत नाही म्हणून दुसरी उघडायचो. किटलीची वाफ तिथंच, हातभर अंतरावर. उभा जन्म स्वयंपाकघरात काढलेल्या माणसाचे हे उद्योग.

आता अडचण ऐक. बावीस तारखेला, रविवारी, आमच्या विश्रामगृहाचं वार्षिक जेवण आहे. व्यवस्थापिकाबाईंनी अळंबीचं सूप सांगून ठेवलंय, तुझ्याच अळंबीचं. मागच्या वर्षीचं त्यांच्या लक्षात आहे. इथं राहणारी सगळी माणसं दुखण्यातून उठून विश्रांतीला आलेली. काही खराब पोटात गेलं तर पुन्हा आडवी होतील. आणि खराब आहे की नाही हे ज्यानं हुंगून सांगायचं तो आचारी मी. जीभ शाबूत आहे, खारट-आंबट कळतं, बाकी सगळं कागद चघळल्यासारखं. इथं कुणालाही माहीत नाही. कळलं तर ठेवतील का मला? दुसरं काही येतही नाही.

ही पुन्हा वाळवता येतात का? कशी? वास सोडून बाकी सगळं लिही.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तसा राहू दे, वाढवायला माझ्याकडे कोरडी बरणी नाही.

तुझा भाऊ
(ते टोपणनाव सध्या नको.)


शुक्रवार, ता. ६ ऑक्टोबर

चि. हुंग्यास,
अ. आ. टोपणनाव नको म्हणालास म्हणून मुद्दाम.

उशी, दप्तर, पाहुण्यांच्या चपला, सगळं हुंगून मगच जवळ करणाऱ्या मुलाला दुसरं नाव शोधायला मला वेळ नाही. शाळेचे गणवेश शिवून द्यायचेत आणि मापं दिलेली मुलं रोज वाढताहेत. तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, अळंबी म्हणजे मुळात बुरशीच, तिला आणखी कसली बुरशी लागणार? मी त्यांना बागेत पाठवून दिलं.

येतात वाळवता. फक्त धुवायची नाहीत. आधी एकेक तुकडा उजेडात बघ, भिंग मिळालं तर भिंगानं. पांढरी किंवा हिरवट लव दिसली, बोटाला भुकटी लागली, की तो तुकडा आणि त्याच्या संगतीतले सगळे टाक. हळहळत बसू नकोस. राहिलेले ट्रेवर पसर, एकाचा दुसऱ्याला स्पर्श नको. ओव्हन इतकाच तापव की आत हात धरून बसता येईल. जास्त तापवलास तर वरून करपतील आणि ओल आत कोंडेल. दार पूर्ण लावू नकोस, फटीत लाकडी चमचा अडकव. ओलीला जायला वाट हवी. मधून मधून उलट. किती वेळ ते विचारू नकोस. वाकला तर थांब, मोडला तर झालं. मोडताना आवाज यायला हवा. कान तरी आहेत ना जागेवर?

आणि याच्याखाली दोन रेघा मारते आहे: पूर्ण गार झाल्याशिवाय बरणीत भरायची नाहीत. गरम तुकडा आत घाम सोडतो आणि सगळं मुसळ केरात. बरण्या छोट्या घे, म्हणजे एक उघडली तरी बाकीच्या झोपून राहतील. चुलीपासून लांब ठेव, अंधारात. दुसऱ्या दिवशी आतून काच बघ. धुरकट दिसली तर पुन्हा पहिल्यापासून.

परवा दुपारी मशीनवरच डोळा लागला. स्वप्नात आपलं ते लहानपणीचं जंगल आमच्या जिन्यात आलं होतं. पायऱ्यांवर पानं, पानांखाली अळंबी. तू एवढासा, डोळे मिटून पुढं चालला होतास आणि बोटानं दाखवत होतास, इथं, इथं, इथं. मी टोपली घेऊन मागं. आई वरच्या मजल्यावर होती. तिची पावलं ऐकू येत होती, पण जिना संपत नव्हता, आणि आपल्याला घाईही नव्हती. जागी झाले तर बाहीच्या जागी कॉलर शिवून ठेवली होती.

खोकला राहिला का ते लिहिलं नाहीस. मला काळजी करायला लावण्यात तू पहिल्यापासून पटाईत. आहेस तिथं जप, आणि बरणी उघडू नकोस.

तुझी ताई


बुधवार, ता. ११ ऑक्टोबर

ती. ताईस,
या खेपेस दोन्ही हातांनी सा. न. खोकला गेला.

रविवारी जेवणं उरकल्यावर ट्रे आत सरकवले, दारात चमचा अडकवला आणि स्टूल घेऊन शेजारी बसलो. मावशी कुरकुरल्या की ओव्हन अडला, आता संध्याकाळचे पाव काय डोक्यावर भाजायचे? मावशी म्हणजे आमच्या दुसऱ्या आचारीण. सगळं विश्रामगृह त्यांना मावशी म्हणतं. बऱ्याच दिवसांपासून मी कुठलंही पातेलं उतरवण्याआधी पळी त्यांच्यापुढे धरतो आणि म्हणतो, मावशी, बघा जरा जमलंय का. त्या डोळे मिटतात, सावकाश मान हलवतात. त्यांच्या नाकावर हे स्वयंपाकघर चाललंय हे त्यांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं, मी मान देतो. तो देतोच म्हणा.

थोड्या वेळानं धोबीणबाई चादरींचा गठ्ठा घेऊन जाता जाता दारात थांबल्या. कुणी मागून हाक मारल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा झाला. तेव्हा मला कळलं की खोलीत वास भरलाय. वारा दिसत नाही, पडदा दिसतो, तसं. मी थट्टेनं विचारलं, सांगा बघू कशासारखा येतोय. त्या म्हणाल्या, भिजलेला लोकरीचा कोट चुलीजवळ टांगल्यासारखा. मग कोपऱ्यातल्या खोलीतले म्हातारे नावाडी सपाता फरफटत आले. ते म्हणाले, किनाऱ्यावर होडी पालथी घालतात, तिच्याखाली शिरलं की येतो तो. व्यवस्थापिकाबाई कशासाठी तरी आल्या, उभ्या राहिल्या, म्हणाल्या, माझ्या वडिलांच्या टेबलाचा खण, आणि आल्या कशाला ते विसरून परत गेल्या.

मग कुणी आलं नाही. ओव्हनच्या फटीतून ऊब पायांवर येत होती. खिडकीच्या काचेवरचं धुकं खालून वर विरत गेलं. मी भिंतीला डोकं टेकलं. वाटलं, मीही ट्रेवर पसरलोय. कुणीतरी मला हलक्या हातानं उलटतंय, आणि मी इतका हलका होत चाललोय की आता हलवलं तर वाजेन. बरं वाटत होतं. तसंच राहावं असं वाटत होतं.

त्या गुंगीतच उठलो आणि बरण्या भरल्या. वरून गार लागली म्हणून भरली. तुझ्या दोन्ही रेघा वाया गेल्या. सोमवारी सकाळी काचा आतून धुरकट. पुन्हा सगळी काढली, पुन्हा ओव्हन, पुन्हा मावशींची बोलणी. या वेळी पातळ कापडाखाली पूर्ण गार होऊ दिली. आता काचा स्वच्छ आहेत. तुकडा मोडला की काडी मोडल्यासारखा आवाज येतो. बरण्या जिन्याखालच्या कपाटात आहेत आणि मी तिथं फिरकत नाही.

भिंगानं दोनदा बघितली. लव कुठंही नाही. मग करू ना सूप? एवढं पुरे ना?

उत्तर हो असेल तर लांबलचक लिही. लोभाचं काय ते तू बघ.

तुझा भाऊ


शनिवार, ता. १४ ऑक्टोबर

चि. हुंग्यास आशीर्वाद.

उत्तर छोटंच आहे. पुरे नाही.

लव दिसते ती उशिरा. त्याच्या आधी कुबट वास येतो. सुकवलं की आवाज परत येतो, पण बिघडलेलं सुधारत नाही. बिघडलेलंच कुरकुरीत होतं. ते भिंगाला दिसत नाही आणि मला इथं बसून पत्रातून कळत नाही. त्या खोलीत एक नाक हवं, आणि काय हुंगायचं आहे हे त्या नाकाला माहीत हवं. सपाता फरफटत आलेल्याला होडी आठवली म्हणून भागणार नाही.

मावशींना सांग. तुला भीती नोकरीची आहे, मला कळते. पण म्हाताऱ्या नावाड्यांच्या ताटात काय पडतं हे आधी, तू कुठल्या चुलीपुढं उभा राहतोस हे नंतर. आणि त्या बाईला तू रोज पळी देतोस ती मान म्हणून की आंधळ्याची काठी म्हणून, हे तिला कळायला नको का? मी तिच्या जागी असते तर पळी तुझ्या डोक्यात घातली असती.

रागावून लिहिलं असं ह्यांचं म्हणणं आहे. मी म्हटलं, रागावले नाही, उंच आवाजात लिहिलं. तुझ्या त्या स्टुलावरच्या डुलकीचा भाग मात्र मी परत परत वाचते. मला घाबरवू नकोस. माणसानं वाजण्याइतकं हलकं होऊ नये.

कळव. वाट बघते. इथं सगळे तुझी आठवण काढतात, म्हणजे मी.

तुझी ताई


शनिवार, ता. २१ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. आणि थोडी क्षमा, उत्तराला उशीर झाला म्हणून.

मावशींना बुधवारी सांगितलं. त्या पीठ मळत होत्या. सगळं ऐकून घेतलं, हात धुतले, पुसले आणि म्हणाल्या, म्हणजे मी तुमची चाळणी. मी म्हटलं तसं नाही. त्या म्हणाल्या, तसंच आहे. घरी नवऱ्याला सांगून बसल्या होत्या की आता आचारीसाहेब माझ्या विचाराशिवाय पातेलं उतरवत नाहीत. नवऱ्यानं शेजारी सांगितलं होतं. आता तो काय शेजाऱ्यांना परत गोळा करणार? मला हसू आलं आणि मी ते गिळलं. गुरुवारी त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. पातेल्यांची झाकणं बोलत होती.

काल दुपारी स्वतःहून म्हणाल्या, काढा तुमच्या त्या बरण्या. किटली उतरवायला लावली. खिडकीखालच्या टेबलावर बरण्या मांडल्या, एकेक उघडली, डोळे मिटून नाकाशी धरली, लगेच बंद केली. मी समोर उभा होतो आणि चेहरा वाचायचा प्रयत्न करत होतो. दोन बरण्यांपाशी त्यांच्या नाकपुड्या जराशा आखडल्या. त्या बाजूला सारल्या. म्हणाल्या, तळघरातल्या ओल्या पोत्यासारखा येतोय. मी त्यातला एक तुकडा घेऊन उजेडात धरला. बाकीच्यांसारखाच. स्वच्छ. मोडला, छान आवाज आला. ताई, मी तो सुपात घातला असता.

दोन्ही बरण्या मागच्या कचरापेटीत रिकाम्या केल्या. बाकीची चांगली आहेत, सूप पुरेसं होईल. मावशी म्हणाल्या, वर बाईंपाशी मी काही बोलणार नाही, पण तुम्ही बोलला नाहीत तर सोमवारपासून पळी धरायची नाही माझ्यापुढे.

म्हणून आज व्यवस्थापिकाबाईंकडे गेलो. त्यांनी पेन खाली ठेवलं. कधीपासून, विचारलं. सांगितलं. मग इतके दिवस चव कुणी बघितली? मावशींनी, सांगितलं.  त्या म्हणाल्या की डॉक्टरांना नाक दाखवा, आणि बाकीचं मी उद्या सकाळी सांगते. आवाजावरून काही कळलं नाही.

वर येऊन खोली आवरली. आवरण्यासारखं फार नव्हतं. खिडकीतून धोबीणबाईंच्या चादरी दिसताहेत, वारा पडलाय, त्या हलत नाहीत. काल स्वप्नात सगळ्या वस्तूंना वासाच्या जागी रंग आले होते. दूध निळसर, पाव सोनेरी, आणि अळंबीच्या जागी एक मऊ अंधार, ज्यात पाय ठेवला तर पाय दिसत नाही, पण भीती वाटत नाही. तुला सांगावंसं वाटलं.

उद्या निकाल उलटा लागला तर तुझ्याकडे येईन आणि गणवेशांना बटणं लावीन. कॉलर मी कॉलरच्याच जागी लावीन एवढं वचन. भाऊजींना विचारून ठेव. माया आहे ती धरून राहा.

तुझा भाऊ

रविवार, ता. २२, सकाळी. पाकीट बंद करायचं राहिलं होतं. खाली गेलो तेव्हा व्यवस्थापिकाबाई स्वयंपाकघरातच होत्या. म्हणाल्या, आजपासून मुख्य आचारीण मावशी, तुम्ही दुसरे. मी बरं म्हणालो. मावशी मोठ्या शेगडीपुढं उभ्या राहिल्या, माझ्याकडे न बघता कांद्यांची परडी माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाल्या, बारीक हवेत, डोळ्यांना पाणी आलं तरी थांबायचं नाही. मी चिरायला घेतले.