शंकरपाळ्यांचा दुसरा घाणा

बाई,

शंकरपाळ्यांच्या त्या करपलेल्या घाण्याची खरी किंमत आज बसल्या बसल्या मांडून बघितली. मैदा, तूप, साखर हे किरकोळ. त्यात एका मुलीच्या डोळ्यांतलं पाणी धरावं लागेल, आणि खानावळीत कमावलेली माझी सगळी मिजास. ही शेवटची बाब जरा महाग पडली, पण ती तुम्ही वसूल केल्याशिवाय सोडणार नव्हतातच.

कसब्यातल्या खानावळीतून मी थेट तुमच्या वर्गात आलो होतो. पाककला आणि अन्नशास्त्र शिकवायचं प्रशिक्षण घेणाऱ्या सगळ्या बायका, आणि त्यांत मी एकटा पुरुष. शहरात तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. मित्र विचारायचे, जग माउस हातात घेतंय आणि तू झारा कसला घेतोस. मी हसायचो. माझा भरवसा माझ्या कानांवर होता. कढईकडे पाठ करून मी सांगायचो, मोहरी तडतडली, तेलाचा आवाज निवला, भजी काढा. म्हणून पहिल्या सराव पाठात मला शिकवायला दिलेल्या शाळकरी मुलीचा हात जरा अडखळला, तसा मी तिच्या हातातून झारा घेतला आणि सगळे शंकरपाळे स्वतः तळले. एकसारखे, बदामी. तुम्ही एक खाल्लात, रुमालाला बोटं पुसलीत आणि मला नापास केलंत.

"छान झालेत," म्हणालात. "पण तुम्हाला येतात हे आम्हाला माहीतच होतं. तिला कुठे आले?"

मी म्हणालो, तळण कधी झालं ते कळावं लागतं. कशावरून कळतं, असं तुम्ही विचारलंत. म्हटलं, कळतं.

"अहो, मग फळ्यावर 'कळतं' एवढंच लिहा आणि घरी जा."

घरी जाणं मला परवडणारं नव्हतं. खानावळीत माझ्या जागी दुसरा माणूस उभा राहिला होता, आणि पुन्हा नापास झालो तर प्रशिक्षणातूनही बाहेर. दुसऱ्या पाठाला तुम्ही तीच मुलगी दिलीत, तेच शंकरपाळे दिलेत, आणि माझ्या दोन्ही हातांत काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास. पाठ संपेपर्यंत खाली ठेवायचा नाही.

ती दुपार माझ्यात अजून पुरती मावळलेली नाही. खिडकीतून ऊन आलंय, त्यात मैद्याची धूळ हळूहळू फिरतेय, जणू तिला कुठेच पोचायचं नाही. पहिला घाणा काळा होतो. मुलगी रडायला लागते. माझे हात आपोआप झाऱ्याकडे निघतात आणि गार पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. मागच्या बाकावर तुम्ही वहीत काहीतरी टिपून घेता, हेच जास्त वाईट. मी तिला आच मंद करायला सांगतो, दुसरा घाणा सोडायला सांगतो, आणि मग माझ्या तोंडून एवढंच येतं, "ऐका." वर्ग गप्प होतो. तेलाचा गलका मोठा होत होत सगळ्या खोलीत भरतो. मी डोळे मिटून बोलत राहतो, माझ्याकडून कोण वदवतंय कळत नाही. हा आवाज आतल्या पाण्याचा आहे, ते वाफ होऊन बाहेर पडतंय. पाणी संपत येईल तसा आवाज उतरेल, बुडबुडे बारीक होतील. तोवर थांबायचं. डोळे उघडतो तर मुली डोळे मिटून उभ्या, आणि मागे तुम्हीही, मान किंचित कलती, गाणं ऐकावं तशा. तुपासाखरेचा वास, ऊन, आणि कुठेतरी दूर गेल्यासारखं ते तेल.

"सर, उतरला आवाज," ती मुलगी म्हणते, आणि झारा घालते. मला कुणी सर म्हटलेलं ते पहिल्यांदा.

तुम्ही पुढे येऊन एक चावून बघितलात. "बरे आहेत. तुमच्याइतके नाहीत." माझा चेहरा पडला. "म्हणूनच पास," म्हणालात, आणि तो ग्लास मला घरी न्यायला लावलात.

आता बिबवेवाडीत माझा स्वतःचा क्लास आहे. शनिवारी आयटीतली मुलंमुली येतात, कानांत इअरफोनची बोंडं घालून. ती मी काढायला लावतो आणि आधी तेल ऐकवतो. एकानं विचारलं, सर, याचं ॲप नाही का? म्हटलं, आहे की, डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. तुमचा ग्लास भरून हातात धरतो आणि मोठ्या तोऱ्यात सांगतो, इतक्या वर्षांत शिकणाऱ्याच्या हातातून मी झारा घेतलेला नाही.

हे पत्र टाकायचं कुठे, तुम्हाला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. पाकीटसुद्धा आणलेलं नाही. पण सांगायचं तुम्हालाच होतं. माझ्या मुलीला बंगळूरला नोकरी लागली, उद्या निघतेय. बाबा, मला शंकरपाळे शिकव, म्हणाली, तिकडे कोण करून देणार. काल दुपारी ती कढईपुढे उभी राहिली. ग्लास फडताळातच होता. डबा भरला आहे. सगळे घाणे मी तळले.