दोन्ही घरचा चहा

प्रिय मामाजी,

काल सिहोऱ्याला तुमच्या तेरवीला, तुम्ही गेल्याच्या तेराव्या दिवशी, आले होते. तुमच्या मुलाने मला विचारलं, "चहा घेतेस?" म्हणून आज लिहायला बसले.

घटस्फोटानंतरही मी तुम्हाला मामाजीच म्हणत राहिले. सासऱ्याला दुसरं काय म्हणणार?

गावातल्या नवरा-बायकोची भांडणं कोर्टात जाण्याआधी तुमच्याकडे येत. मिटेपर्यंत दोन्ही घरी चहा घ्यायचा नाही, हा तुमचा नियम. पितळी तांब्यात स्वतःचं पाणी न्यायचात.

मग आमचंच, माझं आणि तुमच्या मुलाचं, भांडण आलं. सतरंजीच्या एका बाजूला मुलाकडचे, दुसऱ्या बाजूला मुलीकडचे, मध्ये तुम्ही, अशी रीत. माझी बाजू रिकामी होती. बाबा गेलेले, भाऊ नव्हताच. तुम्ही उठलात आणि माझ्या बाजूला येऊन बसलात.

"बाबा, तुम्ही तिकडे काहून बसले?" तुमचा मुलगा म्हणाला.

"मी तुया बाप आहो. मधात कसा बसू? तुयाकडे त पुरं गाव आहे." मग मला म्हणालात, "पोरी, तुयं तू बोल. मी तुयासाठी बोलाले नाही बसलो."

मी म्हणाले, नांदायला येणार नाही, आणि आमची मुलगी छाया माझ्याजवळ राहील. मधली जागा रिकामी होती. तिच्या दोन बाजूंना बसून आम्ही दोघं पहिल्यांदा नीट बोललो. छाया माझ्याजवळ राहिली. दिवाळी आणि उन्हाळा सिहोऱ्याला.

नंतर तुम्ही जवाहरनगरला माझ्या क्वार्टरवर नातीला भेटायला यायचात, तोच तांब्या घेऊन. मी चहा ठेवू लागले की म्हणायचात, "राहू दे."

"मामाजी, मिटलं ना आता?"

"तुमचं मिटलं, पोरी. मायं नाही मिटलं."

मुलगा तुमच्याशी कामापुरतं बोलतो, हे मला छायाकडून कळायचं. परक्यांना बोलतं करणारे तुम्ही, स्वतःच्या मुलाशी का बोलला नाहीत? मध्ये बसणारं कोणी नव्हतं म्हणून? मला का नाही बोलावलंत?

काल कपबशी देऊन तो शेजारी बसला. "बाबा तुया बाजूनं बसले, याचा मले बहुत राग होता."

"ठाऊक आहे."

"कधीचाच गेला होता राग. सांगाचं राहून गेलं."

मी चहा प्यायले. तुमचा तांब्या मागून घेतला.

शेजारच्या क्वार्टरमधल्या जोडप्याने मला मध्ये बसायला बोलावलंय. मी माझं पाणी घेऊन जाईन. मिटलं की दोन्ही घरी चहा पिईन. आणि उठण्याआधी त्या नवऱ्याच्या बापालाही विचारीन, मुलाशी तुमचं मिटलं का?

तुमचीच सून,
वत्सला