कोड्यामागची सही

जुन्नर,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय चिमाजीस,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घे. तीन महिन्यांत तू एकही घेतला नाहीस, म्हणून साठले आहेत.

इकडे सगळं ठीक. खातूनचे गुडघे आहेत तसेच. ज्येष्ठांच्या कट्ट्यावर तुझी जागा अजून रिकामी असते, चुकून कोणी बसलंच तर बहिरू त्याला उठवतो. आपल्या कट्ट्याच्या मासिक पत्रकात तुझं आकड्यांचं कोडं, ते सुडोकू, येत नाही म्हणून आकडेवाले कुरकुरतात. परवा रामदास मास्तरांनी पुन्हा तोच वाद काढला, मेंदूला खरा व्यायाम कशाचा, आकड्यांचा की शब्दांचा? तू नव्हतास, त्यामुळे कोणी हातघाईवर आलं नाही. तू म्हणाला असतास, "शब्दकोडं म्हंजे नुसतं पाठांतर रं. आकड्यांना डोस्कं लागतं." मी म्हणालो असतो, डोकं लागत असेल, पण जगलेलं असावं लागत नाही. 'दाराची कडी ज्यात अडकते ते' याचं उत्तर कोयंडा, हे दार लावणाऱ्यालाच सुचतं.

असो. वाद घालायला हे पत्र नाही.

तुझा राग ऑगस्टच्या सभेतला. तुझं कोडं तू स्वतःकडे ठेवलेल्या नकलेत एक आणि पत्रकात छापलेलं दुसरंच, असं निघालं. तू सगळ्यांदेखत म्हणालास, "माझ्या आकड्यांना ह्यानं हात लावला. जन्मभर छापखान्यात खिळे जुळवले, आता माझं गणित जुळवतोय व्हय?" मी माझी चूक झाली म्हणालो आणि खाली बसलो. तू खोडदला घरी गेलास तो पुन्हा आला नाहीस, फोनही उचलला नाहीस.

हात मी लावला होता, चिमाजी. चुकून नाही, जाणूनबुजून.

आपला रिवाज तुझाच. छापण्याआधी माझं कोडं तू सोडवायचं, तुझं मी, आणि कागदाच्या मागे 'सुटले' लिहून सही करायची. सही नाही तर छपाई नाही. सोळा वर्षं आपण हे पाळलं. मार्चमध्ये तुझं कोडं मला सुटेना. दोन दिवस मी स्वतःलाच शिव्या घातल्या. मग दिसलं, एका उभ्या ओळीत दोन सात होते. शेजारशेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. वाटलं, होतं कधीतरी. मी ते सरळ केलं आणि मागे 'सुटले' लिहिलं. एप्रिलमध्ये तसंच. मग मे, जून, जुलै. पाचही वेळा तशीच अदलाबदल.

चोवीस वर्षं तू खोडदच्या त्या रेडिओ दुर्बिणींच्या मोटारी सांभाळल्यास, सुईभर फरक तुझ्या नजरेतून सुटायचा नाही. त्या माणसाला कसं सांगू? सभेत खरं बोललो असतो तर सगळा कट्टा तुझ्याकडे बघत राहिला असता. त्यापेक्षा तू माझ्यावर चिडलेला मला परवडत होतास. मी फार मोठं मन दाखवतोय असंही तेव्हा वाटलं. तो माझा भित्रेपणा होता.

आता गुरुवारचं. बायडावहिनींना दवाखान्यात नेलं कळलं, म्हणून मी आलो. मला बघून तू बाहेर निघून गेलास. साखर एकदम खाली गेली होती, उपाशी राहिल्यामुळे असेल, असं तू डॉक्टरांना सांगितलं होतंस. वहिनींनी उशाखालची वही काढली, इन्सुलिनची सुई भरून तू रोज हिशेब लिहितोस ती. म्हणाल्या, "भाऊ, मला काय वाचता येत न्हाई. पर मी भाकर खाल्ली व्हती. बगा जरा, ह्यात समदं बराबर हाय ना?"

पहिल्या पानावर डॉक्टरांच्या अक्षरात आहे, सकाळी १२ युनिट. गुरुवारी तुझ्या अक्षरात आहे २१.

मी वही मिटली आणि म्हणालो, "सगळं बरोबर आहे, वहिनी." पुन्हा तेच 'सुटले'. जीभ इतकी सरावलेली होती. त्या "बरं झालं" म्हणाल्या आणि डोळे मिटून पडल्या. तो चेहरा तेव्हापासून माझ्यासमोरून हलत नाही.

घरी येऊन खातूनला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तुमची दोस्ती तुमच्यापाशी ठेवा. सुई त्या बाईला टोचायची आहे."

म्हणून काल तुझ्या आधी तुझ्या लेकीला, नूतनला, सगळं सांगितलं. डॉक्टरांनाही वही दाखवली. याचाही राग धर, मला चालेल. वहिनींना उद्या घरी सोडतायत. नूतन मंचरहून येऊन तुमच्याकडे राहील, मंगळवारपासून सुई तीच भरेल. हे पत्र तीच तुझ्या हातात देईल. बुधवारी तुला डॉक्टरांकडे घेऊन जायचं आहे. मीही येतोय. तू बोलला नाहीस तरी शेजारी बसेन.

आपल्या आकडे-शब्दांच्या वादात मी जिंकलो असं समजू नकोस. शब्द आठवेना झाला की माणूस अडखळतो, त्याचं त्याला कळतं. आकडा तसा अडत नाही. चुकीचा असला तरी बरोबर आल्यासारखाच घरात बसतो. तुला कळलं नाही यात तुझा दोष नाही. मला कळलं होतं, आठ महिने.

तुझे पाचही कागद सोबत आहेत. मागचं 'सुटले' खोडून आज मी 'सुटले नाही' लिहिलंय. माझं नवं शब्दकोडंही ठेवलंय. बघ. जमलं नाही तर नाही म्हणून लिही आणि खाली सही कर. मी ते तसंच ठेवेन, दुरुस्त करणार नाही.

पाच खोट्या सह्यांनंतर ही एक खरी,

तुझा
कमरुद्दीन