बॅटरी बसली नव्हती

रत्नागिरी,
रविवार, २३ फेब्रुवारी १९८६

प्रिय सगुणा,

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास एका पिकअपच्या बॅटरीचे सहाच्या सहा सेल मी ठणठणीत बघितले आणि तरी तोंडाने म्हणालो, "बॅटरी बसली." माझं जे काही व्हायचं ते त्या दोन शब्दांत झालं. कॉलेज सोडलं तेव्हा नव्हतं झालं. घरच्यांनी बोलणं टाकलं तेव्हाही नव्हतं.

कॉलेजचं तुला ठाऊक आहे, पण ते नीट लिहायलाच हवं. प्रयोगशाळेत एकाने तुझं नाव माझ्या नावाला जोडून काहीतरी म्हटलं आणि मी त्याच्या तोंडात मारली. प्राचार्य माफी माग म्हणाले, तर मी सेकंड इयर अर्धवट टाकून बाहेर पडलो. मला वाटलं होतं, केवढं मोठं केलं तुझ्यासाठी. तू फाटकाशी थांबून एवढंच विचारलंस, "मी तुला भांडायला सांगितलं होतं का?" दोन वर्षांत तू माझ्याशी बोललेलं तेवढं एकच वाक्य. बाकी सगळं माझ्या मनातलं. तू मला कधी शब्द दिला नव्हतास, कधी चिठ्ठी दिली नव्हतीस, हसलीसुद्धा नव्हतीस. हे मुद्दाम लिहितो आहे.

तेव्हापासून मी रघूदादांच्या बॅटरीच्या दुकानात आहे. शुक्रवारी ते मंडणगडला लग्नाला गेले होते आणि दुकान माझ्यावर होतं. चार माणसं एक पिकअप ढकलत आमच्या दारात घेऊन आली. गाडीवाला जेटीवर मासळी उतरवून, गाडी धुऊन, बॉनेटला झेंडूची माळ बांधून समोर चहाला थांबला होता. परत येऊन स्टार्टर मारला तर नुसतं 'कट्' वाजलं, आणि दिवे लावावेत तर विझत्या वातीसारखे. मी हायड्रोमीटर घेतला, एकेका सेलमधलं ॲसिड नळीत ओढून बघितलं. सहाही सेलांत आतला तरंगता काटा हिरव्या खुणेवर. बॅटरी भरलेली होती. मग खाली वाकून अर्थची पट्टी बघितली. मासळीच्या गाड्यांना हा रोगच असतो. बर्फ वितळून खारट पाणी झिरपतं आणि बॅटरीपासून चासीला जाणारी ती पट्टी टोकाला खाऊन टाकतं. हिच्या टोकाला पांढरट बुरशी धरली होती. मी बॅटरीपासून चासीला एक सुटी वायर लावून बघितली, तर दिवे लख्ख पेटले. गाडीवाला तेव्हा ढकलणाऱ्यांना समोर चहा पाजत होता, त्याने ते बघितलं नाही. म्हणजे पॉलिश पेपरने घासायचं, बोल्ट आवळायचा, पाच मिनिटांचं काम.

ते सांगायला मी वर उठलो तेवढ्यात तो येऊन म्हणाला, "मेस्त्री, लवकर होयल ना ओ? अकराला भागोजींच्या अंगणात गाडी उभी करायचीय. त्यांची अटच हाय, आधी गाडी दाव, मंग पोरीचं बोलू." तुला बघायला आधी जो आला होता त्याने मागून आणलेली जीप स्वतःची म्हणून दाखवली होती, म्हणून तुझ्या वडिलांनी, भागोजीकाकांनी, ही अट घातली, हेही त्यानेच सांगितलं. मग गाडीचं पुस्तक काढून मला दाखवलं. नाव त्याचंच होतं, गंगाराम, मुक्काम हेदवी. वर हसून म्हणाला, "सगुणाने मावशीकडनं निरोप धाडलान, कागद विसरू नका म्हणून."

म्हणजे तुला तो हवा होता, हे मला कळलं. मग म्हणालो ते म्हणालो.

त्याने विचारलं, ढकलून चालू करूया काय. मी म्हटलं, डायनॅमो जळेल. त्याने विचारलं, बदली बॅटरी असेल तर द्या. आम्ही गिऱ्हाइकाला देतो तशी, आणि त्या दिवशी दोन बॅटऱ्या गोणपाटाखाली होत्या. मी म्हटलं, नाही. त्याची बॅटरी काढून चार्जिंगच्या फळीवर ठेवली आणि क्लिपा लावल्याच नाहीत. तो बिचारा दर अर्ध्या तासाने येऊन बघायचा आणि म्हणायचा, "चढतेय ना?" मी मान डोलवायचो. तीन वाजता त्याने बॉनेटवरच्या माळेवर पाणी मारलं, पुस्तक सदऱ्याच्या आत ठेवलं आणि एसटीने तुमच्याकडे गेला.

पुढचं तू दाराआडून ऐकलंसच. संध्याकाळी परत येऊन त्याने मला सांगितलं. काका सगळ्या वाडीसमोर म्हणाले, "मागच्याची गाडी मालकाकडं गेली, तुझी बॅटरीला. पुढचा येयल त्याची पेट्रोल प्यायला गेलेली असंल." सगळे हसले. त्याने पुस्तक पुढे केलं तर काकांनी हातसुद्धा लावला नाही, म्हणाले, कागद काय, कोणाचेही मिळतात. हे सांगताना गंगाराम माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तुमचा काय दोस, मेस्त्री. गाडी तुमच्याकडं होती, एवढं एका चिठीवर लिवून द्या." मी म्हणालो, शिक्का मालकांकडे आहे. मग त्याच्यादेखत पट्टी घासली, बॅटरी बसवली. गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली. जाताना त्याने मला दोन बांगडे दिले. ते मी घेतले, आणि खोलीवर आणून तळून खाल्ले, सगुणा. चव लागली होती. तेव्हा मला आनंद झाला होता, ते लपवत नाही.

काल तुमच्या वाडीतली सोनूबाई भाजी घेऊन बाजारात आली. तिने तिथे बसूनच सगळ्यांना ऐकवलं की सगुणाचा पायगुणच असा, हिच्या नावाने निघालेली गाडी पोचत नाही. आणि आता भागोजी मुंबईच्या कुणा बिजवराला बोलावतायत, बुधवारी माणसं येणार, जो असेल त्याला होकार देऊन मोकळं व्हायचं म्हणतात. मी तिच्याशी भांडायला उठलो होतो. हात उगारायच्या आधी लक्षात आलं की मारायचं तर कोणाला. आयुष्यात पहिल्यांदा मी उठून परत खाली बसलो.

तुमच्या घरी तुझ्या नावाने आलेलं पत्र आधी काका फोडतात, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. म्हणून आजवर तुला लिहिलेली पत्रं मी कधी टाकली नाहीत. हे टाकतो आहे ते त्याचसाठी. भागोजीकाका, इथवर तुम्हीच वाचलं असणार. गाडी गंगारामची आहे, पुस्तक मी डोळ्यांनी बघितलं. शुक्रवारी सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत ती माझ्या खोटेपणामुळे आमच्या दारात उभी होती. तुमच्या मुलीने यात काही केलेलं नाही, तिला माझ्या नावाने एक शब्द बोलू नका. बुधवारच्या माणसांना होकार देण्याआधी हे पत्र तिच्या हातात द्या, एवढंच मागतो. समोर येऊन सांगणार होतो, पण तुम्ही टोचून बोलाल, माझं डोकं फिरेल आणि अर्ध्यातूनच निघून येईन, म्हणून कागदावर. रघूदादांना रात्री सगळं सांगितलं. या कागदावर दुकानाचा शिक्का त्यांनी स्वतः मारला, आणि दुकानात पाय ठेवू नकोस म्हणाले.

साडेनऊच्या गुहागर एसटीने हेदवीला निघालो आहे. गंगारामला तोंडावर सांगायचं आहे. तो मारेल. मी हात वर करणार नाही. 'तुझाच' लिहायला माझा हात जातो, पण तो आवरला. आता हे पाकिटात घालून बंद करतो, चपला घालतो. बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

लवू