खालचा गाळ

ता. ९, मंगळवार

चिरंजीव उतावळ्यास,

ताईचे आशीर्वाद. ताई म्हणजे तुझी थोरली बहीण. परवाचं पत्र येईपर्यंत सहा वर्षांत चार ओळी नाहीत, म्हणून ओळख करून दिली. मोठा शास्त्रज्ञ तू, बारीकसारीक माणसं कुठे लक्षात राहणार!

माझे गुडघे कुरकुरतात, कान शाबूत आहेत, दात दोन उरलेत. मी सांगतेय आणि नात लिहून घेतेय. हिला ओळखतोस. तुझ्याच प्रयोगशाळेत चार वर्षं राबली. उन्हाची वीज करणाऱ्या काचेवर नॅनो कणांचा लेप दिला की तीच काच दीडपट वीज देते, हा शोध हिचा. तू हिची वही उचललीस आणि वर स्वतःचं नाव घातलंस. ("आजी, जरा सौम्य," म्हणतेय. तू लिही गं. सौम्य मी मेल्यावर हो.)

तुझं पत्र हिनंच वाचून दाखवलं. म्हणे, "ताई, परीक्षकांसमोर माझी काच डागाळली, तिची लख्ख उतरली. वहीत होतं ते सगळं मी केलं. शोध कुणाचा, याचा शुक्रवारी निकाल आहे. शोध दोघांनी मिळून लावला, एवढं तिला सांगायला लाव. घरातलं घरात राहू दे."

घर आठवलं वाटतं!

काच का डागाळली ते सांगते. आता कळून उपयोग नाही, म्हणूनच सांगते. आपण रंगाऱ्याची पोरं. रंग कालवला की तीन दिवस झाकून ठेवायचा, हलवायचा नाही. गाळ तळाशी बसला की वरचं नितळ तेवढं वाटीनं अलगद काढायचं. तुला कुठला दम! काठी घालून ढवळायचास, कापडावर ठिपके पडायचे आणि मार मी खायचे. पोरीनं माझं बघून तेच बाटलीत केलं. गुठळ्या झालेले कण खाली, बारीक ते वर. वहीत लिहिलं नाही, कारण तिला ती युक्ती वाटलीच नाही, घरची सवय वाटली. घरात पाटी एकच होती. ती तुला दिली आणि मी रंगात हात घातले. लिहिलेलं तेवढं तुला चोरता आलं. न लिहिलेलं माझ्याकडेच राहिलं.

आणखी एक. "दोघांकडून तुमच्या डोळ्यांदेखत काच करून घ्या," असं परीक्षकांना कुणी कळवलं म्हणून तू थयथयाट केलास म्हणे. कुणीतरी अडाणी असेल, म्हणालास. बरोबर ओळखलंस. खालच्या शिंप्याकडून मीच लिहवून घेतलं.

हिचं पेन थांबलंय. हिलाही आत्ताच कळलं. रडतेय की हसतेय, देव जाणे.

ही तुला माफ करेल, आईवर गेलीय. मी करणार नाही. शुक्रवारी सगळ्यांसमोर उभा राहा आणि हिचं नाव घे. नाहीतर गुडघे घेऊन मी येईन, आणि पाटीपासून सुरुवात करेन.

सहीच्या जागी अंगठा आहे. परीक्षकांकडच्या पत्राशी जुळवून बघ.

तुला वाढवलेली,
ताई

ता.क. बिस्किटांचा डबा पाठव. मऊ, दोन दातांना झेपतील अशी. आणि डबा न फोडता. लहानपणापासून वरचा थर तू खात आलास, आता तो मला हवाय.