आसमानी लुगड्याचा फोटो

बाबा, तुमचा फोटो काढायचा डबा मी वापरते, हे आधी सांगून टाकते. तुम्ही असता तर विचारून घेतला असता असं लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं. विचारलं नसतंच. मायनं स्वतःच्या हातानं ट्रंकेतून काढून दिला, तुमच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेला. एका कोपऱ्याचं कातडं उंदरांनी खाल्लंय, बाकी शाबूत आहे. खटका अजून तसाच टक् करून वाजतो. मानमोडीच्या तापात तुम्ही गेलात तेव्हा मी परकर नेसत होते. आता माझ्याच केसांत पांढरं आलं. चौथीपर्यंतच्या शिक्षणावर हे लिहिते आहे. अक्षर तुम्हाला आवडणार नाही. वाचणारं कोणी नाही तर अक्षराची कशाला फिकीर करू.

इथं सासरी, उंद्रीला, लोक मला हसतात. डबा पोटाशी धरून मी खाली मान घालून त्या छोट्या काचेत पाहते ना, तर परवा विहिरीवर एक जण म्हणते, "पाटलीनबाई, लोनचं मुरलं का पाहून राह्यल्या काय?" मी म्हटलं, "मुरलं. तुले घालू का आत?" माझ्याशी बोलून उपयोग नाही हे मालकांना लग्नानंतर लवकरच कळलं. मी बैलांचे फोटो काढते, कापसाच्या गाड्यांचे काढते, जात्याला टाकी घालणाऱ्या बाईचा काढला. तिनं तो फोटो पाहिला, पदरानं पुसला आणि म्हणाली, मी एवढी काळी आहे काय वं? सगळ्या बाया काळ्याच येतात. हिरवं लुगडं काळं, लाल लुगडं त्याहून काळं. मला वाटायचं उन्हाचं काहीतरी चुकतं.

ऊन तुम्हीच शिकवलं होतं. अमडापूरच्या आपल्या खळ्यावर तुम्ही माझ्या हातात डबा देता आणि मी काचेत पाहते, तर बैल उलट्या दिशेनं फिरतात. मी ओरडते, "बाबा, बैल उलटे चालले!" तुम्ही म्हणता, "बैल बरोबर आहेत, काच उलटी आहे. सूर्य पाठीशी घे. डबा पोटाले लाव. श्वास धर. मंग खटका दाब." मी तेवढं ऐकून घेते कुठे? दाबून मोकळी. मुंबईहून फोटो आले तेव्हा माझ्या एका बैलाला दोन-दोन तोंडं. तुम्ही रागावला नाहीत, नुसतं म्हणालात, "तुह्या हाताले थारा नाही." ते मला थापडेपेक्षा लागलं. मागच्या बाजूला फिल्मचा आकडा दिसायला लाल काचेची खिडकी आहे, ती दाखवून तुम्ही सांगितलं होतं, की लाल उजेड फिल्मला लागत नाही म्हणून काच लाल. मी मान हलवली. ते डोक्यात शिरायला पुढं अर्धं आयुष्य जायचं होतं.

त्याच उन्हाळ्यात तुम्ही बैल पाहायला जळगाव जामोदच्या बाजाराला गेलात. बैल पसंत पडले नाहीत, आणि येताना मायसाठी आसमानी लुगडं घेऊन आलात, बारीक काठाचं. काकू ओसरीवर बसली होती. तिनं ते दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाली, "बैल आनाले गेलते ना? मंग आता हेच जुंपा नांगराले." माय पदरात तोंड घालून हसली. मायला मी एवढं हसताना त्या आधी पाहिलं नव्हतं, नंतर तर कित्येक वर्षं प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या भिंतीपुढं तुम्ही तिला पाटावर बसवलं. ती लाजून पदर खाली ओढते, गळा झाकते, हात पदरात घेते. तुम्ही म्हणता, "कुंकू तं दिसू दे." ती बोटभर पदर वर सारते. माझ्या डोळ्यांसमोर सारते. मी तुमच्या मागंच उभी होते, सावली पुढं पडू नये म्हणून तुम्ही मला दटावलं होतं. आणि सावली पडली ती तुमचीच.

फोटो आला पोळ्याच्या सुमारास. पाकीट काकूनंच फोडलं. फोटोतली बाई पांढऱ्या लुगड्यात, गळ्यात काही नाही, हात दिसत नाहीत, आणि कपाळ कोरं. आपलं घर पाटलाचं, विधवेनं पांढरंच नेसायचं, तेव्हा तो फोटो काय सांगतो हे कोणाला वेगळं सांगायला नको होतं. "काय वं, कुंकू पुसून बसली होती काय?" काकू म्हणाली. तुम्ही हसण्यावारी नेलं. उन्हाचा दोष म्हणालात. आणि दिवाळीच्या आत गेलात. मग काय, साऱ्या गावात ताप होता, घरटी माणूस जात होतं, पण आपल्या घरी ताप आला तो मायच्या कपाळावरून आला. मी म्हणाले, "मायनं कुंकू लावलं होतं. मी पाह्यलं." काकूनं माझ्या थोबाडीत मारली. लग्नकार्य असो की हळदीकुंकू असो, ही बाई स्वतः कुंकू पुसून नवऱ्यापुढं बसली होती हे कुणीतरी कुणाच्या तरी कानात सांगणारच. डबा अशुभ ठरला. फोटो मायनं फाडू दिला नाही, कारण त्यात खाली तुमची सावली आहे, पागोट्यासकट. दुसऱ्यांचे फोटो काढता काढता तुमचा एकही निघाला नाही, बाबा. तेवढी सावलीच.

माय थकली म्हणून मी ठरवलं, आता हिचा नीट फोटो काढायचा, चेहरा जवळून, सुरकुती न् सुरकुती दिसेल असा, आणि तो जुना नजरेआड करायचा. तुमच्या डब्यातून ते होत नाही. त्याच्या काचेला जवळचं धुरकट दिसतं, चार-पाच हात दूर राहावं लागतं. म्हणून खामगावला गेले, फोटोच्या सामानाच्या दुकानात. दुकानदारानं मला पाहून आधी "मालक कुठं आहेत?" असं विचारलं. मी म्हटलं, "वावरात. तुम्ही कॅमेरे काढा." त्यानं काढले. एक आपल्यासारखाच डबा, नवा, चकचकीत. तो मी बाजूला सारला; तसलाच घ्यायचा तर जुना काय वाईट. दुसरा घडीचा, लोहाराच्या भात्यासारखा ओढून उघडायचा. त्याची लेन्स मी उजेडाला धरली, बैलाचे दात पाहावेत तशी, आत ओरखडा आहे का, बुरशी आहे का. स्वच्छ होती. पण त्याचं लोढणं किती! उघडा, ओढा, माणूस किती हात दूर ते कड्यावर लावा, उजेड किती ते लावा. मी म्हटलं, "एवढं करीपर्यंत बकरी उंद्रीहून अमडापूरले जाईन." तो म्हणाला, "बकरीले डबा घ्या बाई. मानसाच्या तोंडाले हाच." ते मला पटलं. लेन्समध्ये उजेड जास्त घ्यायची ताकद असली की सावलीतही काम होतं, आणि कडं फिरवलं की जवळचं स्वच्छ. वर तो एक पिवळी काच दाखवत होता, लेन्सवर चढवायची. ती कशाला हे मला समजेना. मी पिशवीतून मायचा जुना फोटो काढून त्याच्यापुढं टाकला. म्हटलं, "ते काही असो. असा फोटो नको."

त्यानं फोटो पाहिला आणि आवाज खाली आणून विचारलं, "यांचे मालक कधी वारले?"

"फोटोच्या वक्ती जिते होते. डबा त्यायच्याच हातात होता."

"मंग लुगडं कोनतं होतं?"

"आसमानी."

तो हसायलाच लागला. मला राग आला. मी म्हटलं, "हसता काय?" तर म्हणतो, "बाई, जुन्या फिल्मले लाल दिसतच नाही. म्हनून तं आमी लाल दिव्यात धुतो. लाल तिले काळं. आन् आपली कातडी सावळी, तेई काळपटच येते. काळ्यावर काळं कुंकू, दिसन कुठून? आन् निळ्याचं उलटं. आसमानी तं धोत्रावानी पांढरं." पिवळी काच त्याच्यासाठीच होती, निळं थोडं दाबायला. आणि आता नवी फिल्म निघाली आहे, म्हणाला, तिला लालही दिसतं.

मी दुकानाच्या पायरीवर बसले. ती लाल खिडकी, बाबा! मागच्या बाजूला होती, रोज दिसत होती. तुम्हाला ठाऊक होतं की लाल उजेड फिल्मला लागत नाही. तुम्ही मला शिकवलं होतं. एवढं असून मायच्या कपाळाशी त्याचा संबंध तुम्ही लावला नाही, मीही नाही, आणि ती बिचारी बोल खात राहिली. तुमच्यावर चिडले मी तिथं बसून. मग उठले, भात्याचा कॅमेरा, पिवळी काच, नवी फिल्म सगळं बाजूला काढून ठेवायला सांगितलं आणि मिळेल त्या मोटारीनं थेट अमडापूरला गेले.

माय तूर निवडत होती. काकू ओसरीवर, डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ शाबूत. मी मायजवळ बसून एका दमात सगळं सांगितलं. "तुह्या कुंकवाचा दोष नव्हता माय. फिल्मच आंधळी होती, लालाले आंधळी." तिनं सुपातून मान वर केली नाही. दोन खडे वेचून टाकले आणि विचारलं, "आन् निळ्याले?"

"निळं तिले पांढरं दिसते. थांब, आता काकूले सांगतो."

मी उठले तशी तिनं माझा पदर धरला. "बस. ते जुनी फिल्म अजून भेटते का?"

"भेटते. काऊन?"

"मंग तेच आन. आन् डबा तुह्या बाबाचाच."

ती उठून आत गेली, ट्रंकेच्या तळातून एक गाठोडं घेऊन आली आणि माझ्यापुढं सोडलं. आसमानी लुगडं. मला वाटायचं ते धोबिणीला दिलं. घरात सगळ्यांना वाटायचं. तर म्हणे, डबा त्यातच गुंडाळून होता. "अशुभ डब्याले हात कोन लावते? म्हनून त्यातच ठेवलं. तुले डबा देतानी धोतराच्या चिंधीत बांधला." घडीवर विटका पट्टा पडला होता, बाकी रंग तसाच. मग मला कळलं ही काय म्हणते आहे. त्या फिल्मवर हे पांढरं येणार, कुंकू येणारच नाही. ती निळं नेसून कुंकू लावून बसली तरी भिंतीवर विधवाच टांगली जाणार.

मी म्हटलं, "ठीक आहे. पन काकूले तं सांगू दे."

"तिले सांगशील तं तिले हेई कळन का निळं पांढरं येते. मंग मी काय नेसून बसली ते लपन काय?"

"पन एवढी वर्षं तू बोल खाल्ला!"

"खाल्ला. तो पचला," लुगड्यावर हात ठेवून ती म्हणाली, "हे नाही पचलं."

मी भांडले तिच्याशी. दोन्ही का नाही, मी काकूला असं सांगते, तसं सांगते. ती म्हणाली, "दोन्ही नाही होत. मी एक घेतलं." माझ्या मनात तर मोटारीत बसल्यापासून काकूपुढं उभं राहून काय काय बोलायचं ते सगळं तयार होतं. ते गिळलं. तसं गिळायची मला सवय नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत, काकू सोडून घरातली सगळी वावरात गेली असताना, फोटो काढला. त्याच गोठ्याच्या भिंतीपुढं. कुंकू माझ्या करंड्यातलं. तिनं आरसा मागितला नाही. बोट बरोबर कपाळाच्या मधोमध गेलं. निळं नेसून ती बसली आणि हसू दाबायला लागली. "हसू नको वं माय, हलते." तेवढ्यात ओसरीवरून काकू, "काय करून राह्यल्या वं तिकडं?" मी ओरडले, "फोटो काढून राह्यलो!" तर म्हणते, "पांढरं नीट नेसव तिले. मागच्यावानी तमाशा नको!" आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि मग काही आवरेना. माय पदरात तोंड घालून हसली. नांगराच्या दिवशी हसली होती तशी. हसणं थांबल्यावर मी खटका दाबला.

फोटो आला. पांढरं लुगडं, कोरं कपाळ. काकूनं तो डोळ्याला चिकटवून पाहिला, बोटानं चाचपला आणि म्हणाली, "हां. आता आला खरा फोटो. जशी आहे तशी." माय सुपारी कातरत होती. "हो जी," म्हणाली. आता तो देवघराबाहेरच्या भिंतीवर आहे. जाणारी येणारी बाई पाहते आणि मान हलवते.

भात्याचा कॅमेरा मी घेतला, पिवळ्या काचेसकट, तो माझ्यासाठी. हे पत्र कुठं पाठवू? घरात राहिलं तर आसमानी रंग बाहेर पडेल. चूल पेटलेली आहे, पाणी तापायचं आहे, त्यातच घालते. एकच राहिलं. त्या फोटोत मायचा चेहरा जरा पुसट आलाय. दुकानदार म्हणाला, जुन्या डब्याची लेन्स गेली. मी हो म्हटलं. लेन्स चांगली आहे, बाबा. हात माझा हलला.